बडोद्याला फाइन आर्ट्सला येताय? आत्याकडून शिकलेलं सांगते

मे-जून आला की आत्याचा फोन वाजायला लागतो, अजूनही. धुळ्याचं नाहीतर नाशिकचं कोणीतरी असतं, "काकू, पोरीला फाइन आर्ट्सला टाकायचंय, तुमचा नंबर अमक्यांनी दिला." आत्या जानेवारीत गेली. ताईने, म्हणजे तिच्या मुलीने, नंबर चालू ठेवलाय आणि सगळ्यांना ती माझ्याकडे पाठवते, कारण मी तिथूनच बीव्हीए (बॅचलर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स) केलं आणि पूर्ण वेळ आत्याच्या घरीच राहिले. फोनवर सांगायला लागले की माझा आवाज जातो आणि समोरच्याला फॉर्मचं सोडून भलतंच ऐकावं लागतं, म्हणून इथे एकदाच लिहून टाकते.

स्टेशनवरून सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा, अलकापुरीच्या नाही. फॅकल्टी, म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीचं फाइन आर्ट्स कॉलेज, युनिव्हर्सिटी रोडला पुष्पबागेत आहे, चालत जाता येतं, रिक्षा कशाला. प्रवेशाच्या तारखा आणि टेस्टमध्ये काय काय असणार ते त्या वर्षीच्या नोटिशीतच बघा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका. कोर्स 4 वर्षांचा. पेंटिंग, स्कल्प्चर, ग्राफिक आर्ट्स (छापाचित्रं), अप्लाइड (जाहिरातकला), आर्ट हिस्टरी असे विभाग. बाबांचं म्हणणं होतं अप्लाइड घे, नोकरी तरी लागेल, तर आत्या त्यांना सगळ्यांसमोर म्हणाली, "बाळ्या, तू कॉमर्स केलंस, काय दिवे लावलेस?" बाबा पन्नाशीचे, पण अक्कापुढे एक शब्द बोलले नाहीत. मी पेंटिंग घेतलं.

फॅकल्टी 1950 ची. ना. श्री. बेंद्रे (मूळचे इंदूरचे), शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन अशी मोठी चित्रकार-शिल्पकार माणसं इथे शिकवून गेली. मी हे कौतुकाने सांगायला गेले की आत्याचं एकच, "असतील मोठे, तू आज किती काढलंस ते दाखव." स्वतः तिने आयुष्यभर चणिया-चोळ्या शिवल्या, चित्रातलं तिला काही कळत नाही असं तीच म्हणायची. पण हात रोज चालला पाहिजे हे तिला माझ्या क्लासच्या सरांपेक्षा जास्त कळत होतं.

टेस्टच्या तयारीला क्लास लावा, नका लावू, पण स्केचबुक घेऊन बाहेर बसा. मला ती पहाटे स्कूटीवर मागे बसवून खंडेराव मार्केटला न्यायची. भाजीवाल्या, फुलवाल्या, हमाल, सगळे हलतात, कोणी तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून दोन मिनिटांत पोझ पकडायची सवय तिथेच लागते. एकदा एक जण अंगावर आला, चित्रं काय काढते म्हणून, तर आत्या पिशवी खाली ठेवून पुढे झाली, "भेंडीचं चित्र काढतेय, तुझं नाही, तुझं तोंड भेंडीइतकं बरं असतं तर तुझंही काढलं असतं." आजूबाजूच्या बायका इतक्या हसल्या की पुढच्या वेळी त्यांनीच मला बसायला खोकं दिलं.

सयाजी बागेतलं म्युझियम सोडू नका. तिथे देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, तो कागदात बसवून दाखवा, प्रपोर्शनचा सगळा माज उतरतो. कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, गंगावतरण, मीरेचं आयुष्य, महाभारताचं युद्ध. रावपुऱ्यातला तांबेकर वाडाही बघा, जुनी मराठी माणसं कशी राहायची ते भिंतींवरच रंगवलेलं आहे. राजा रविवर्मा बघायचे तर लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं फत्तेसिंह म्युझियम. एवढं पाहिलेलं असलं की इंटरव्ह्यूला बोलायला काहीतरी असतं, नाहीतर सगळे "मला लहानपणापासून चित्रकलेची आवड आहे" एवढंच बोलतात.

भाषेचं टेन्शन नको. गुजराती लिपी देवनागरीवरची रेघ पुसल्यासारखी आहे, आठवड्यात बसच्या पाट्या वाचता येतात. इंग्रजीचं मात्र बघा, आर्ट हिस्टरीचं वाचन सगळं त्यातच.

रूम घेताना आत्याचा पहिला प्रश्न भाड्याचा नसायचा, "पाणी कुठवर आलं होतं?" हा असायचा. विश्वामित्री भरली की गमतीची गोष्ट नाही, मगरी आहेत त्या नदीत. ऑगस्ट 2024 च्या पुरात अकोट्याकडच्या ग्राउंड फ्लोअरच्या रूममधली तीन पोरं तिने घरी आणून ठेवली होती, भिजलेले कॅनव्हास गच्चीच्या जिन्यात उभे करून, आणि रोज खिचडी, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं. त्यातल्या एकाने जानेवारीत येऊन ताईच्या बरोबरीने सगळं धावपळीचं केलं. घरमालक "इथे कधीच येत नाही हो पाणी" म्हणतोच, तुम्ही शेजाऱ्यांना विचारा आणि भिंतीवरची खूण बघा.

पैशाचं. दुसऱ्या वर्षापासून कामं मिळायला लागतात, भिंत रंगवून दे, लोगो करून दे, आणि ओळखीचे लोक फुकटात मागतात. आत्या नवरात्राच्या ऑर्डरला अर्धे पैसे आधी घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, सख्ख्या नणंदेलासुद्धा नाही. मी आजही क्लायंटशी तेच करते, वाईट वाटतं, पण पैसे येतात.

आणि पोर्टफोलिओ. गुंडाळी करून आणू नका, टेबलावर कागद परत परत वळतो आणि तुम्ही कोपरे दाबत बसता. येणाऱ्या प्रत्येकाला आत्या पिशवी शिवून द्यायची, तशी तुमच्याकडच्या शिंप्याकडून करून घ्या. हाफ इम्पीरियल कागद 15 बाय 22 इंच असतो, पिशवी 17 बाय 24 ची, बाहेरून रेक्झिन, आत जाड मांजरपाट, मध्ये पुठ्ठा सरकवायला खण, आणि चेन तिन्ही बाजूंनी, वरच्या एकाच बाजूला लावली तर कागद आत सरकवताना कडा फाटतात.