पाच स्पीकर लावलेत, पण पाच वाजतायत का? सिनेमाचं संगीत घरी ५.१मध्ये ऐकायचं तर

आमच्या हॉलमध्ये पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) लागून आठ महिने झाले होते. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सोफ्यावर बसवून मी "मागून पण येतंय बघा" असं कौतुकानं ऐकवत होते. मग दिवाळीत भाचा आला. त्यानं रिसीव्हरच्या (स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या) रिमोटवरचं 'इन्फो'चं बटण दाबलं, पट्टीवरची अक्षरं वाचली आणि म्हणाला, "मावशी, अगं हे स्टिरिओच आहे. दोनच चॅनल, म्हणजे आवाजाच्या दोनच वाटा येतायत आणि तुझा रिसीव्हर तेच पाच जणांना वाटतोय." टीव्हीच्या सेटिंगमध्ये एक पर्याय मी चुकीचा ठेवला होता. तेवढाच.

तेव्हापासून "५.१ घेतलं, पण थिएटरसारखं काही वाटत नाही" अशी तक्रार कानावर आली की स्पीकर कोणते घेतले हे मी विचारतच नाही. आधी विचारते, आत काय येतंय?

आधी सेटची मागची बाजू बघा

५.१ म्हणजे पुढचे डावा-उजवा, मधला सेंटर, बाजूचे किंवा मागचे दोन सराउंड आणि 'पॉइंट एक' म्हणजे खर्जाच्या दणक्यासाठी ठेवलेली वेगळी वाट. ही वाट साधारण १२० हर्ट्झपर्यंतच जाते. सहाही आवाज सिनेमाच्या मिश्रणात वेगवेगळे ठेवलेले असतात आणि ते वेगवेगळेच तुमच्या सेटपर्यंत पोचायला हवेत.

इथेच पहिली फसगत होते. बाजारात स्वस्तातले '५.१ मल्टिमीडिया स्पीकर' मिळतात. त्यांना ब्लूटूथ असतं, पेनड्राइव्हची खाच असते, एफएम असतं, रंगीत दिवेसुद्धा असतात. मागे मात्र एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी खाच) नसतं, ऑप्टिकलही (प्रकाशातून आवाज नेणारी खाच) नसतं. असा सेट डॉल्बी किंवा डीटीएस (५.१ आवाज बांधून पाठवायच्या पद्धती) उलगडू शकत नाही. दोन चॅनल घेतो आणि पाच खोक्यांतून सोडतो. ब्लूटूथचंही तसंच, नेहमीच्या ब्लूटूथवरून संगीत स्टिरिओतच येतं, मग स्पीकर पाच असोत की पंधरा.

पण असा सेट घरात असेलच तर लगेच भंगारात काढू नका. मागे सहा आरसीए (जुन्या डीव्हीडी प्लेअरला असतात तशी गोल) छिद्रं असतील आणि घरात डेस्कटॉप कॉम्प्युटर असेल, तर त्यातून खरं ५.१ वाजतं. बऱ्याच डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला हिरवं, काळं आणि नारिंगी अशी तीन छिद्रं असतात. हिरव्यातून पुढचे दोन, काळ्यातून मागचे दोन, नारिंगीतून सेंटर आणि सबवूफर. तीन वायरी जोडा, साउंडच्या सेटिंगमध्ये ५.१ निवडा आणि तिथलीच चाचणी लावा. सेंटरची पाळी आली की सबवूफर गुरगुरला, तर नारिंगी वायरीची दोन टोकं अदलाबदल करा. हा घोळ इतका नेहमीचा आहे की काही साउंड कार्डांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही अदलाबदल करायचा पर्यायच दिलेला असतो.

नवीन घेणार असाल तर एचडीएमआय असलेला एव्ही रिसीव्हर घ्या, किंवा वेगळे मागचे स्पीकर असलेला साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी). साउंडबारच्या पट्टीतूनच 'मागून आवाज' येतो असं दुकानदार सांगेल. मोकळ्या चौकोनी खोलीत भिंतीवरून परतलेल्या आवाजाचा थोडा भास होतो खरा, पण एका बाजूला बाल्कनीचं उघडं दार असलं की तो भासही दारातून बाहेर जातो.

टीव्हीला सांगा, मध्ये लुडबूड करू नको

आमची चूक इथे होती. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' असं काहीतरी असतं. ते 'पीसीएम'वर (उलगडलेला साधा आवाज) असेल तर बरेचसे टीव्ही आलेला ५.१ आवाज स्वतःच उलगडून त्याचे दोन चॅनल करतात आणि पुढे पाठवतात. तिथे 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' निवडा. शब्द कंपनीगणिक बदलतो.

मग वायर. टीव्हीच्या ज्या एचडीएमआयवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज परत रिसीव्हरकडे पाठवायची सोय) लिहिलंय, त्यातूनच रिसीव्हरच्या 'एआरसी'ला जोडा. शेजारच्या छिद्रात घातलीत तर चित्र-बित्र सगळं नीट दिसेल, पण टीव्हीच्या अ‍ॅपमधला आवाज रिसीव्हरला मिळणार नाही. एआरसीमधून डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, ओटीटीवर येतं ते डॉल्बी डिजिटल प्लसही बहुतेक नव्या टीव्हींतून जातं. ब्लू-रे डिस्कवरचे डॉल्बी ट्रू-एचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मूळ स्वरूपात पाठवायचे तर 'ईएआरसी' (एआरसीची सुधारित आवृत्ती) टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे लागतं. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडायचा आणि टीव्हीला फक्त चित्र द्यायचं. टीव्ही जुना असेल तर ऑप्टिकल चालेल, त्यातून साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस व्यवस्थित जातं. पेनड्राइव्हवरच्या फाइलचं चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर वायर उपटू नका. पुष्कळ टीव्हींना डीटीएस कळत नाही, एवढंच.

शेवटी अ‍ॅपमध्ये जाऊन भाषेच्या यादीत '५.१' लिहिलेला पर्याय निवडा. कित्येकदा आपोआप साधाच निवडलेला असतो. आता 'इन्फो' दाबा. पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल प्लस', 'डीटीएस' किंवा 'मल्टिचॅनल' असं काही दिसलं तर पुढे चला. 'पीसीएम' आणि शेजारी दोनच चॅनल दिसले तर वरचं सगळं परत एकदा.

स्पीकर मांडणं

ही पायरी फुकटची आहे आणि फरक सगळ्यात जास्त इथेच पडतो. तरी लोक शोकेसमध्ये जिथे जागा असेल तिथे स्पीकर कोंबतात आणि नंतर महागडी वायर आणायला जातात.

पुढचे दोन: तुम्ही बसता तिथून टीव्हीच्या मध्याकडे सरळ बघा आणि डावी-उजवीकडे प्रत्येकी साधारण ३० अंश मोजा. सोप्या भाषेत, तुम्ही आणि ते दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण व्हावा. उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी.

सेंटर टीव्हीच्या खाली ठेवाल तर त्याचं तोंड तुमच्या गुडघ्यांकडे राहतं. पुढच्या कडेखाली दार अडकवायचा रबरी खुंटा सरकवा, तोंड वर कानांकडे होईल. संवाद तर याच्यातून येतातच, पण गाण्यातला गळाही पुष्कळदा बराचसा इथूनच येतो. गायिका जमिनीवर बसून गातेय असं वाटत असेल तर कारण हेच.

सराउंड तुमच्या बाजूला पण किंचित मागे, म्हणजे १०० ते १२० अंशांवर. कानाच्या एक-दोन फूट वर असले तर उत्तम. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, तिथे 'मागे' जागाच नसते. मग बाजूच्या भिंतींवर लावा. पण दोन्ही टीव्हीच्या वर, छताच्या कोपऱ्यात लावू नका. वायर कमी लागते म्हणून काही कारागीर हाच सल्ला देतात.

सोफा मात्र जमल्यास भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. चौदा फुटांच्या खोलीत ४० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज लांबीच्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. भिंतीला लागून तो सर्वात जास्त ऐकू येतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ गायब होतो. ढोलाची एकच थाप आईला "फार मोठी" आणि मध्ये खुर्ची टाकून बसलेल्या बाबांना "कुठे काय" वाटते, ती याच्यामुळे.

आणि आपल्या घरांत विटांच्या भिंती, खाली गुळगुळीत फरशी. टाळी वाजवून बघा. टणकन परत आली तर सोफ्यासमोर जाड सतरंजी अंथरा आणि पडदा ओढा. मी हे केलं त्या दिवशी व्हायोलिनांचा कर्कशपणा निम्मा झाला.

वायरीबद्दल दोनच गोष्टी. इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची दीड एमएमची वायर घरगुती अंतरांना पुरते. आणि प्लग काढूनच जोडणी करा, तांब्याचा एखादा सुटा तंतू शेजारच्या स्क्रूला चिकटला की रिसीव्हर बंद पडू शकतो. लाल ते लाल, काळी ते काळी. पुढच्या दोघांपैकी एकाची उलटी जोडली तर खर्ज पातळ होतो आणि आवाज नक्की कुठून येतोय ते कळेनासं होतं.

सबवूफरसाठी रांगा

सबवूफर कोपऱ्यात ढकलायची घाई नको. तात्पुरता तो सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. ठेका सरळ चालणारं, खर्ज भरपूर असलेलं एखादं गाणं लावा आणि खोलीच्या कडेकडेनं रांगत जा. जिथे ठोका नेमका आणि सुटसुटीत ऐकू येईल, न फुगता, तिथे सबवूफरची जागा. मी हे करत होते तेव्हा नवऱ्यानं "कानातलं पडलं का?" म्हणून टॉर्च आणून दिली.

रिसीव्हर जोडला असेल तर सबवूफरवरची क्रॉसओव्हरची (किती हर्ट्झखालचा आवाज सबवूफरनं उचलायचा ते ठरवणारी) गोल कळ सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवा, ते काम रिसीव्हरलाच करू द्या. फेजचं (सबवूफरचा ठोका बाकीच्या स्पीकरशी जुळवणारं) बटण दोन्ही बाजूंना करून बघा. खर्ज जिकडे भरीव, ते ठेवा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. आमच्याकडे ढोलकी सुरू झाली की एक बारीक किणकिण यायची. मी ट्विटर (स्पीकरमधला बारीक, उंच आवाजांचा भाग) खराब झाला म्हणून बसले होते. शेवटी स्वयंपाकघरात सापडलं: भिंतीवरचं ताटाळं. शेवटच्या दोन ताटांमध्ये रुमाल घातला, आवाज गेला. शोकेसची सरकती काच आणि भिंतीवरचं कॅलेंडर हे पुढचे संशयित.

रिसीव्हरमधले आकडे

बहुतेक रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो पुस्तकांच्या चळतीवर कानाच्या उंचीला ठेवा, पंखा बंद करा, कुकर लावू नका, आणि आपोआप मोजणी चालू करा. नंतर आकडे स्वतः तपासा, कारण मशीन हमखास एक चूक करतं: मोठ्या स्पीकरना 'लार्ज', म्हणजे सगळा खर्जही स्वतःच वाजवणारे, ठरवतं. सगळ्यांना 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफर उचलेल. अगदी तळहाताएवढे स्पीकर असतील तर १२०.

माइक नसेल तर टेप घ्या. प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंतचं अंतर मोजून भरा. एक फूट म्हणजे साधारण एक मिलिसेकंदाचा उशीर, रिसीव्हर तो भरून काढतो. मग टेस्ट टोन लावा, पावसासारखा सर्र आवाज येतो तो. मोबाइलमधल्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. मोबाइल चार डेसिबल चुकत असला तरी हरकत नाही, सगळ्यांसाठी सारखाच चुकतो. मागचे स्पीकर मुद्दाम वाढवायचा मोह आवरा. सिनेमाच्या मिश्रणात संगीताचा मोठा भाग पुढेच असतो, मागे सभागृहातला घुमणारा आवाज आणि अधूनमधून कोरस. ते स्वतंत्रपणे ऐकू यायला लागले म्हणजे चुकलं.

'सैराट'च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. एवढ्या वाद्यांचा पसारा डावीकडून उजवीकडे उलगडला पाहिजे. मागचे दोघे जास्त बोलायला लागले की तो सगळा डोक्याभोवती घोंगावतो.

जुनी गाणी लावताना

साठ-सत्तरच्या दशकांतले बहुतेक हिंदी-मराठी चित्रपट मोनो आहेत. १९७५चा 'शोले' ७० एमएमवर स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला, तो तेव्हा अपवाद होता. मोनो गाण्याला रिसीव्हरमधल्या 'हॉल', 'स्टेडियम' वगैरे मोड लावू नका, गळ्यामागे न्हाणीघर उभं राहतं. 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट' निवडा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहिला की मांडणी बरोबर आहे याची ती फुकटात मिळालेली परीक्षाही आहे. 'डॉल्बी सराउंड' नावाचा मोड नव्या स्टिरिओ गाण्यांना ठीक. मोनोला लावलात तर दोन्हीकडचं सारखं असलेलं सगळं सेंटरमध्ये जमा होतं. 'ऑल चॅनल स्टिरिओ' हा मोड हळदीकुंकवाला, पाहुणे घरभर फिरत असतात तेव्हाचा.

यूट्यूबवरच्या '५.१' किंवा '८डी' लिहिलेल्या गाण्यांच्या नादी लागू नका. ती बहुतेक स्टिरिओच असतात, कुणीतरी प्रतिध्वनी चढवलेला असतो. गाणं खऱ्या ५.१मध्ये हवं तर तो चित्रपटच अ‍ॅपवर किंवा डिस्कवर लावा आणि गाण्यापर्यंत पुढे सरकवा. संगीताच्या काही अ‍ॅपवर डॉल्बी अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज देऊ शकणारं डॉल्बीचं स्वरूप) असतं, तेही अ‍ॅटमॉस समजणाऱ्या टीव्ही बॉक्समधूनच मागवा. मोबाइलवरून ब्लूटूथनं पाठवलंत तर परत स्टिरिओ.

रात्री दहानंतर रिसीव्हरमधला 'नाइट' किंवा 'डायनॅमिक रेंज' चालू करा. मोठे आवाज दबतात, बारीक वर येतात, गाण्याचे शब्द कमी आवाजातही कळतात. सबवूफरखाली जाड रबराची चटई घाला आणि त्याची पातळी तीन-चार डेसिबल उतरवा. एवढं करूनही खालच्या मजल्यावरच्या काकूंना आमच्याकडे कोणतं गाणं चालू आहे ते ठेक्यावरून ओळखता यायचं. आता रात्री मी सबवूफरचा प्लगच काढते.