ध्यानाला बसताय? मग या चुका टाळा

21 जूनला, योग दिनाच्या सकाळी, ठाण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये डोकावून बघा. चटई टाकायला जागा मिळत नाही. वर्तकनगर असो, कोलशेत असो की खाडीपलीकडचं नेरुळ, चित्र तेच. गणपती येईपर्यंत त्यातले चार-पाच जण उरतात, आणि तेही बहुतेक निवृत्त. बाकीच्यांना विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात: "जमत नाही हो", "मन लागत नाही", "वेळच कुठेय?" लोक आळशी आहेत हे कारण मला पटत नाही. पहाटे उठून डबे भरून लोकलला लटकणारा माणूस आळशी कसा असेल? लोक सोडतात, कारण पहिल्या दिवसापासून ते भलतंच काहीतरी मोजत बसतात. डोळे मिटल्यावर शांत वाटलं का, काही दिसलं का, विचार थांबले का? ध्यानाचा उपयोग कळतो तो उठल्यानंतरच्या दिवसभरात, आणि तिकडे कोणाचं लक्षच नसतं.

मन कोरं करायला बसणं

सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

विचार येणं ही बिघाडाची खूण नाही. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 2,250 लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं जायचं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. जागेपणी निम्मा वेळ भटकणारं मन तुम्ही चटईवर बसलात म्हणून एकदम गप्प होईल, ही अपेक्षाच गैर आहे.

खुर्चीत नाहीतर मांडी घालून बसा. श्वास मुद्दाम लांबवू नका, तो प्राणायामाचा विषय, इथे नको. हवा नाकपुडीपाशी लागते तेवढंच जाणवू द्या आणि प्रत्येक उच्छ्वासाला मनात एक आकडा म्हणा. दहा झाले की पुन्हा एकपासून. तीनवर असताना सिलिंडर बुक करायचा राहिलाय हे आठवेल. सिलिंडरवरून गावचं घर, घरावरून चुलतभाऊ, त्याच्यावरून मुलीच्या लग्नात त्याने केलेला आहेर. मध्येच कधीतरी लक्षात येईल, अरे, मी भलतीकडेच आहे. सगळा सराव त्या 'अरे'मध्ये आहे. आकडा विसरला असेल तर एकपासून सुरू करा. दहा मिनिटांत वीसदा परत यावं लागलं तर वीसदा सराव झाला. ज्याला एकदाही परत यावं लागलं नाही, तो बहुतेक पेंगत होता.

इथे दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे मोजणी आपोआप चालू राहते आणि 'सव्वीस' म्हणताना जाग येते. असं झालं की आकडे सोडून द्या, नुसता श्वास बघा. दुसरी अडचण जास्त त्रासदायक असते. भटकल्याचं लक्षात आलं की आपण स्वतःवर खेकसतो, 'साधं पाच मिनिटं बसता येत नाही तुला!' हा आवाज बहुतेकांच्या ओळखीचा असतो, शाळेपासूनचा. तोही एक विचारच. त्याच्याशी वाद घालू नका, गप्पही करू नका. आला, ऐकला, परत श्वासावर.

शांतता मिळेल त्या दिवसाची वाट बघणं

घोडबंदर रोडला राहणाऱ्याने शांततेची वाट बघायची म्हणजे बसायचंच नाही. रात्री कंटेनर, सकाळी स्कूलबसचे हॉर्न, वरच्या मजल्यावर वर्षभर चालणारं टाइल्सचं काम. उपवनला किंवा पारसिक टेकडीवर जाऊन बसणं छानच, पण ते रविवारचं काम, रोजचं नव्हे. घरी बसलात आणि आवाज फारच टोचत असेल तर श्वास बाजूला ठेवा आणि काही मिनिटं आवाजच ऐका. ड्रिल सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. 'हा माणूस रविवारीसुद्धा झोपू देत नाही' हे मनाने जोडलेलं शेपूट. आवाज आणि शेपूट वेगळे ओळखू आले की त्या दिवसाची बैठक वाया गेली नाही.

वेळच नाही म्हणणाऱ्यांसाठी ट्रान्स हार्बर लाइन आहे. ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोली सुटल्यापासून रबाळे येईपर्यंत मोबाइल खिशात ठेवा. उभे असाल तर तळव्यांवरचा भार कुठल्या पायावर जास्त आहे बघा. वरच्या कडीला धरलेली मूठ गरजेपेक्षा किती घट्ट आहे ते बघा. बहुतेक वेळा ती खांद्यापर्यंत आवळलेली असते. थोडी सैल सोडा, पण पडू नका! रबाळे आलं की हवं तर रील बघा. दारात लटकत असताना हे प्रयोग अजिबात नकोत, आणि स्कूटर चालवताना श्वास मोजायचाही नसतो. तिथे सजगता म्हणजे फक्त रस्त्याकडे लक्ष.

पहिल्याच आठवड्यात पाऊण तास

जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. आज कंपन्यांमध्ये जे 'माइंडफुलनेस' म्हणजे सजगता म्हणून शिकवलं जातं, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. त्यात घरी रोज पाऊण तासाचा सराव असतो. हे वाचून लोक थेट पाऊण तासाचा गजर लावतात आणि चौथ्या दिवशी गजरच बंद करतात. तिकडे दर आठवड्याला वर्ग असतो, शंका विचारायला माणूस असतो. घरी एकट्याने सुरू करणाऱ्याला दहा मिनिटं पुष्कळ झाली. ती कुठल्यातरी रोजच्या कामाला बांधा. दात घासल्यावर, चहाच्या आधी. 'सकाळी कधीतरी' म्हटलं की ती वेळ येत नाही.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दलही हेच. विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र उभं राहिलं. ठाणेकरांना ते कसाऱ्याच्या घाटापलीकडे, आणि नवी मुंबईकरांना तर बेलापूरला पारसिक टेकडीवरच केंद्र आहे. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान द्यायचं. त्यामुळे 'चला, सुट्टी आहे तर जाऊन येऊ' म्हणून जाणारे बरेच. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास बैठक, मौन, फोन जमा. माझ्या मते आधी घरी निदान काही आठवडे रोज बसून बघावं. अर्जात शारीरिक आणि मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा. प्रवेश नाकारतील म्हणून लपवणारे लोक मला माहीत आहेत. तो प्रश्न तुमच्याच भल्यासाठी असतो.

गुडघे, झोप आणि ॲप

हे भराभर सांगतो. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत बसा, तळवे जमिनीला टेकलेले, पाठ शक्यतो न टेकता. मांडी घातल्याने पुण्य वाढत नाही. जेवणानंतर आणि पलंगावर बसू नका. रोजच झोप लागत असेल तर ध्यानाची पद्धत बदलण्याआधी रात्री किती वाजता झोपता ते बघा. ॲप वापरायला हरकत नाही, पण सलग दिवसांचा आकडा तुटला म्हणून सगळंच सोडणारे लोक पाहिलेत. 'आज 20 मिनिटं झाली' असं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची तर काहीच गरज नाही.

राग येऊ न देण्याचा पण

ध्यान सुरू केल्यावर घरच्यांचं पहिलं हत्यार हेच असतं: "काय उपयोग तुमच्या ध्यानाचा? चिडताच आहात की!" मग माणूस राग दाबायला लागतो. चेहऱ्यावर मंद हसू, आवाज मुद्दाम हळू, आणि आत खदखद. दाबलेला राग दोन दिवसांनी भलत्याच माणसावर, बहुतेक वेळा मुलांवर निघतो.

एक प्रसंग घ्या, कुठल्याही सोसायटीत घडणारा. रात्री साडेनऊ, पाऊस, ऑफिसातून दमून आलात आणि तुमच्या पार्किंगमध्ये भलत्याचीच गाडी. पहिल्यांदा विचार येत नाही, शरीर हलतं. जबडा आवळतो, कानशिलं तापतात, अंगठा हॉर्नवर जातो. ज्याला रोज श्वासावर परत यायची सवय लागलीय, त्याला निदान कधीकधी अंगठा हॉर्नवर गेलेला कळतो. राग आहेच, पण हॉर्न दाबायचा की वॉचमनला गाडी कोणाची विचारायची, हे ठरवायला दोन सेकंद मिळतात. एवढंच. यापेक्षा मोठं आश्वासन कोणी देत असेल तर सावध राहा.

म्हणजे गाडीवाल्याला काही बोलायचं नाही असं नव्हे. बोलायचं, कमिटीकडे लेखी तक्रारही करायची. फक्त त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा राहून जातो, आणि त्यामुळे तो पुढच्या वेळी ऐकून घेण्याची शक्यता वाढते.

समाज बदलतो म्हणतात तो अशाच ठिकाणी बदलत असेल तर असेल. बॉस्टनमध्ये झालेला एक प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे ध्यान शिकलेल्या आणि न शिकलेल्या लोकांना एकेकटं एका वेटिंगरूममध्ये बसवलं. खुर्च्या भरलेल्या. मग कुबड्या घेतलेली एक बाई, जी खरं तर प्रयोगातलीच होती, कण्हत आत आली. न शिकलेल्यांपैकी साधारण 16 टक्के उठले, शिकलेल्यांपैकी निम्मे. लोक जेमतेम 39 होते, त्यामुळे त्यावरून क्रांतीची भाषा करू नये. पण मोजायची जागा त्यांनी बरोबर निवडली होती. आत काय वाटलं हे न विचारता, उठून खुर्ची दिली का ते पाहिलं. सकाळच्या ठाणे फास्टला हाच प्रयोग रोज आपोआप होतो.

म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी स्वतःला विचारण्यापेक्षा घरच्यांना विचारा. 'मी शांत झालो का' असं नको, त्याला सगळे होच म्हणतात. 'या आठवड्यात मी तुझं बोलणं मध्येच किती वेळा तोडलं?' असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

गोळ्या बंद करणं

ही चूक सगळ्यात धोक्याची. ध्यान करतोय म्हणून नैराश्याच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. 2014 मध्ये 47 चाचण्या आणि साडेतीन हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत माफक फायदा दिसला. औषध, व्यायाम अशा दुसऱ्या उपचारांपेक्षा ध्यान सरस आहे, असं मात्र दिसलं नाही.

काही जणांना डोळे मिटून आत बघताना उलट घाबरल्यासारखं होतं. जुना अपघात, जुनी मारहाण वर येते, छाती धडधडते. अशा वेळी 'शुद्धी होतेय, सहन करा' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, तोंडावर पाणी मारा. चालताना पावलांवर लक्ष ठेवणं अशा लोकांना जास्त सोसतं. पुन्हापुन्हा होत असेल तर डॉक्टर गाठा. 'ठाण्याला पाठवायला हवं' हा विनोद अख्ख्या महाराष्ट्रात चालतो, आणि त्यामुळेच असेल कदाचित, खुद्द ठाण्यातले लोक 1901 पासून इथे असलेल्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीची पायरी चढायला बिचकतात. निदान टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर, फोन करा. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

दुसऱ्यांना बसवण्याची घाई

आपल्याला बरं वाटलं की मुलगा, सून, शिपाई, सगळ्यांना बसवावंसं वाटतं. ब्रिटनमध्ये 11 ते 14 वयाच्या 8,000 हून जास्त मुलांना घेऊन मोठी चाचणी झाली, निकाल 2022 मध्ये आले. शाळेत सरसकट दिलेल्या माइंडफुलनेसच्या तासांचा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, आणि बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नव्हता. दहावीच्या पोराला क्लासच्या आधी डोळे मिटायला लावणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावं. तुम्ही बसा, तो बघेल.

ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीतल्या ओळखीच्या मुलीने सांगितलेली गोष्ट. टीममधले दोघं सोडून गेले, जागा भरल्या नाहीत आणि दर बुधवारी लंचमध्ये ताणमुक्तीचा तास लावला. तोही लंचमध्ये! माणसं कमी असण्यावर ध्यान हा उपाय नाही. तिहारमध्ये 1994 साली किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना सुमारे हजार कैद्यांचं विपश्यना शिबिर झालं, त्याचे दाखले सगळे देतात. पण त्याच काळात तिथे कैद्यांसाठी तक्रारपेटी फिरत होती, साक्षरतेचे वर्ग चालू होते, हे सांगायचं राहून जातं. मन बदलायला सांगणाऱ्या व्यवस्थेने स्वतःही थोडं हलावं लागतं.

सोसायटीत काही करायचंच असेल तर छोटं करा. आमच्याकडे मासिक सभेच्या आधी दोन मिनिटं शांत बसायचं ठरलं. सक्ती नाही, ज्याला हवं त्याने तेवढ्यात चहा घ्यावा. सोबत विषयपत्रिका आदल्या दिवशी लावायची, आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. यातल्या कशाचा किती उपयोग झाला हे वेगळं काढता येणार नाही. टँकरच्या बिलावरचं भांडण अजून आहेच. पण कोण काय म्हणालं ते आता ऐकू येतं, त्यामुळे सेक्रेटरी काकूंना इतिवृत्त लिहिता येतं.