सिकलसेलचा रिपोर्ट कसा वाचायचा, आणि तो सुपारी फुटायच्या आधीच का काढायचा

पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक, इगतपुरी या बाजूचं कुटुंब असेल आणि घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर पत्रिका नंतर बघा, आधी मुलगा-मुलगी दोघांचीही सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, टेस्ट करून घ्या, कारण एकदा बस्ता बांधला की मग कोणी कोणाचं ऐकत नाही.

टेस्ट सोपी आहे. सरकारी दवाखान्यात फुकट होते, गावातल्या आशाताईंना विचारलं तरी सांगतील. आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी नावाची झटपट टेस्ट करतात, नळीतलं पाणी गढूळ झालं आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण तिथेच थांबू नका प्लीज. यातून वाहक की रुग्ण ते कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या लॅबमधल्या टेस्ट) करावीच लागते. मागच्या तीनेक महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आधीच सांगा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर सोल्युबिलिटीचा भरवसा नाहीच.

आता रिपोर्टवरची अक्षरं. एए म्हणजे नॉर्मल. एएस म्हणजे वाहक, आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन जीन येतात त्यातला एकच बदललेला. एसएस म्हणजे दोन्ही बदललेले, हा रुग्ण. बदल केवढासा, तर ११ नंबरच्या क्रोमोझोमवरच्या एका जीनमध्ये एका अक्षराचा, पण तेवढ्याने लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नसांमध्ये अडकते, आणि मग हाडं जी दुखतात ती बघवत नाहीत. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, औषधही लागत नाही, उलट जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं, म्हणूनच मलेरियाच्या पट्ट्यांत हा जीन टिकून राहिला. तेव्हा एएस दिसलं म्हणून मुलगी नाकारू नका.

एएस आणि एए यांचं लग्न झालं तर एसएस मूल होत नाही. दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता, आणि ती दर वेळी नव्याने, पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. आणि "सुनेने आजार आणला" हे बोलणं बंद करा, एसएस बाळाला जीन दोघांकडूनही आलेला असतो. एक एएस असेल तर दुसऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी एचपीएलसी करा, कारण थॅलेसेमियाचा (हाही आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) वाहक सोल्युबिलिटीत सापडत नाही आणि ही जोडीसुद्धा त्रासाचीच. लग्न आधीच झालंय आणि दोघं एएस आहात? मग दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगा, १०-१२ आठवड्यांपासून बाळाची तपासणी होऊ शकते.

घरात एसएस असेल तर पाणी भरपूर. द्राक्षाच्या सीझनला दिंडोरी-निफाडला कामाला जाणारी पोरं उन्हात दिवसभर पाण्याविना राबतात, त्यानेच दुखणं उसळतं. हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर मनाने बंद करू नका. आणि तापाला कधीच हलकं घेऊ नका. पार्व्होव्हायरस बी१९ नावाचा व्हायरस आहे, तो लाल पेशी तयार व्हायचं काम काही दिवस थांबवतो, नॉर्मल माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून त्याला ते जाणवतही नाही, पण एसएसची जेमतेम १०-२० दिवस, त्यामुळे हिमोग्लोबिन धाडकन उतरतं. पोर एकदम पांढरंफटक पडलं, दम लागला, ताप आहे, तर सकाळची वाट न बघता रात्रीच सिव्हिल गाठा, आणि रिपोर्टचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा म्हणजे केसपेपर काढतानाच एसएस सांगता येईल.