जंगलात कॅमेरा घेऊन निघताय? आधी या चुका टाळा

झूलॉजी शिकलेली, हातात चांगला कॅमेरा असलेली पोरं आता चंद्रपूर-गोंदियाकडे भरपूर येतात, मला त्याचा आनंदच आहे, पण दर हंगामात तेच तेच घोळ बघून जीव कंटाळलाय. फोटो झकास अन् सोबतची माहिती शून्य. कुठे, केव्हा, जनावर काय करत होतं, हे नसेल तर तो फोटो संवर्धनाच्या काय कामाचा?

सगळ्यात जास्त चीड येते ती कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, घड्याळाची. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात मोहाच्या हंगामात परवानगी काढून कॅमेरे लावले होते. मोहफुलं वेचायला बाया झुंजूमुंजू व्हायच्या आत निघतात, खाली वाकून वेचतात, अन् वाघ नेमका त्याच वाटेने फिरतो. एक मावशी म्हणाली, "बाबू, वाघीन पहाटीस येते का रात्रीस, तेवढं सांगजो." बस, एवढ्याच उत्तरासाठी सगळा खटाटोप होता. सोबतच्या पोराने घाईघाईत सेल बदलले, घड्याळ मागे जाऊन 1 जानेवारीवर बसलं आणि त्याने पाहिलंच नाही. कार्ड उघडलं तर वाघीण लख्ख उन्हात चालतेय, रंगीत फोटो, अन् खाली वेळ मध्यरात्रीची. सेल किती वाजता बदलले ते लिहिलं असतं तरी फरक काढून सगळं दुरुस्त झालं असतं, पण वहीत तेही नाही. म्हणे उजेड बघून अंदाजाने जुळवू. अंदाजावर त्या बायांना जंगलात पाठवायचं का?

माझी सवय साधी आहे. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे पाटी धरायची, तिच्यावर जागा, तारीख, वेळ, आणि शेजारी मोबाईलचं घड्याळ, हा पहिला फोटो. कॅमेरा उतरवताना परत तसाच शेवटचा. दोन मिनिटं लागतात, तेवढाही धीर नसेल तर सफारीला जा, मजा करा, हे काम नका करू.

कॅमेरा ट्रॅपचंच अजून एक. वाघाच्या डाव्या अन् उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे एकाच बाजूला कॅमेरा लावला तर दोन फोटोतला वाघ एक की दोन हे कधीकधी कळतच नाही. वाटेच्या दोन्हीकडे लावा, अगदी समोरासमोर नको, थोडं मागेपुढे, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्यात शिरतो. समोरचं गवत काढा. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 वर गेला की जमीन जनावराच्या अंगाइतकी तापते, अंगाच्या उष्णतेवर चालणाऱ्या सेन्सरला फरकच कळत नाही, म्हणून दुपारी फोटो नाहीत म्हणजे जनावर नाही असं लिहून मोकळं होऊ नका.

दुसरी चूक सारसाच्या घरट्याची. गोंदिया-भंडाऱ्याकडे सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतो, बहुतेक दोन अंडी, नर-मादी पाळीपाळीने महिनाभर उबवतात. फोटोवाला धुऱ्यावरून जवळ जवळ सरकतो, पक्षी उठतो, अन् कावळे वरून बघतच असतात. वर बांधीतलं धान तुडवलेलं. उद्या तो शेतकरी घरट्याची राखण का करेल? आधी त्याला विचारा, तो सांगेल तिथेच उभे राहा, मोठी लेन्स वापरा. पक्ष्याने मान ताठ करून तुमच्याकडे रोखून बघितलं की मागे फिरायचं, फोटो मिळो न मिळो. घरट्याचा फोटो टाकताना लोकेशन काढून टाका, मी तर तालुकासुद्धा लिहीत नाही.

बाकीचं पटापट. पक्ष्यांना त्यांचाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावणं बंद करा, विणीच्या काळात तर नाहीच नाही. परवानगीशिवाय अभयारण्यात ड्रोन नको. एक घटना झाली की लगेच "नरभक्षक" असं कॅप्शन देऊ नका, शेजारचं गाव तेच वाचून रात्र रात्र जागतं.

फिल्म करणाऱ्यांसाठी एकच. या वाघाची डरकाळी त्या वाघाच्या चित्रावर चिकटवणं, दोन दिवसांचे शॉट जोडून पाठलाग बनवणं, विज्ञान शिकलेल्या माणसाला हे शोभत नाही. प्रत्येक क्लिपच्या नावात मी तारीख-जागा त्याच रात्री टाकतो, आवाजाच्या फाईललाही तीच, अन् दोन हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसत नाही.