भाऊ नको, शेजारी म्हणा : भारत-नेपाळ युवा परिषदेचे तीन दिवस

2025 च्या फेब्रुवारीत पुण्यात भारत-नेपाळ युवा नेतृत्व परिषद झाली, त्यात मी होतो. दोन्हीकडचे वीस-वीस जण, तीन दिवस. तेव्हापासून ज्युनियर पोरं भेटली की विचारतात : अर्जात काय लिहायचं, ब्लेझर लागतो का, सर्टिफिकेट पुढे कामाला येतं का. ब्लेझर लागत नाही. सर्टिफिकेट फाईलमध्ये आहे, अजून कोणी मागितलेलं नाही. अर्जाचं मात्र नीट सांगतो, कारण तिथे मीही माती खाल्ली होती.

माझ्या अर्जाचा पहिला परिच्छेद रोटी-बेटीचं नातं, पशुपतिनाथ आणि बुद्ध यांनी भरला होता. मुलाखतीत एका मॅडमनी तो कागद बाजूला सारला. म्हणाल्या, ‘हे सगळ्यांनीच लिहिलंय. तू कशाला यायचंस ते सांग.’ मला काही सुचेना. मग सिंहगड रोडचं सांगितलं. 25 जुलै 2024 ला पहाटे खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी तिथल्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा मावशीला पहिल्या मजल्यावर हलवायला मी गेलो होतो. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या, आणि नदीची आकडेवारी काय असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नेपाळच्या नद्यांबद्दल मला काडीचं माहीत नव्हतं, पण पाणी सोडणाऱ्याला आणि पाणी झेलणाऱ्याला एकाच वेळी काय कळतं, हे समजून घ्यायचंय, असं म्हणालो. निवड त्यावर झाली. तेव्हा तुमच्याशिवाय कोणी लिहू शकणार नाही अशी एक तरी गोष्ट अर्जात असू द्या. संस्कृतीचे गोडवे आयोजकांच्या भाषणात भरपूर असतात.

आम्ही यजमान, म्हणून पहिल्या दिवशी सकाळी मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. फॉर्म लॅपटॉपवर. नेपाळच्या विराटनगरहून आलेल्या एका मुलीने नागरिकतेचं प्रमाणपत्र पुढे केलं. देवनागरीत असल्यामुळे वाचता येत होतं. जन्मसाल 2059. मी टाकलं, लॅपटॉपने वय उणे चौतीस दाखवलं. विक्रम संवत. तिकडे सरकारी कागद त्याच सनात चालतात. शेवटी सत्तावन्न वजा करायचे की छप्पन्न, यावर टेबलापाशी पाच मिनिटं गणिताचा तास झाला (साल बैशाखात बदलतं, त्यामुळे महिना बघावा लागतो). यजमान असाल तर हे आधी शिकून ठेवा. आणखी एक : नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं आणि सुट्टी शनिवारी असते. आम्ही ऑनलाइन पूर्वबैठका हौसेने रविवारी सकाळी ठेवल्या होत्या, आणि ‘नेपाळची मुलं अर्धीच येतात’ म्हणून कुरकुरत होतो. बिचारी कॉलेजात असायची.

फॉर्म झाल्यावर ती म्हणाली, ‘थँक यू, दाजु.’ मी दचकलो. आपल्याकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा! तिकडे दाजु म्हणजे थोरला भाऊ. धाकटा तो भाइ. या दोन शब्दांवर पुढे दोन दिवस काथ्याकूट झाला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

उद्घाटनात आमच्या बाजूच्या पाहुण्यांनी, अगदी प्रेमाने, भारत हा नेपाळचा मोठा भाऊ असल्याचं तीनदा सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या खुर्च्यांत टाळ्या पडल्या, पण त्या रीतीपुरत्या. चहाच्या वेळी मी त्या मुलीला विचारलं, तेव्हा ती हसली. म्हणाली, ‘आमच्या भाषेत नुसता भाऊ नसतो. आधी थोरला की धाकटा ते ठरवावं लागतं, मगच हाक मारता येते. म्हणून देशाला आम्ही छिमेकी म्हणतो.’ छिमेकी म्हणजे शेजारी. त्यानंतर माझ्या तोंडी भाऊ आला नाही. शेजाऱ्याच्या ताटातला वाटा कोणी हिरावत नाही, पण कुंपण कुठे आहे हे दोघांनाही माहीत असावं लागतं, आणि त्यांची खरी बोलणी तिथेच सुरू होतात.

तयारी कशी करावी, याचं उत्तर मला 2015 सालाने दिलं. माझ्या वहीत त्या सालापुढे एकच नोंद होती : 25 एप्रिलचा भूकंप आणि भारताने लगेच पाठवलेली मदत, ऑपरेशन मैत्री. छाती फुगवून मी ती गटात वाचली. काठमांडूच्या एका मुलाने मान डोलावली, आभारही मानले, आणि म्हणाला, ‘त्याच वर्षी सप्टेंबरात आमचं संविधान आलं, आणि मग सीमेवर ट्रक थांबले. आईने काही महिने चुलीवर स्वयंपाक केला, सिलिंडर नव्हता.’ तिकडे त्याला नाकाबंदी म्हणतात. भारताचं म्हणणं होतं की मधेसींच्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट भागातल्या लोकांच्या, आंदोलनामुळे ट्रक अडकले. मी खरं-खोटं करायला बसलो नाही, बसायला नको होतंही. पण एका वर्षातला एप्रिल आमच्याकडे आणि सप्टेंबर त्यांच्याकडे, अशी वाटणी झालेली आहे हे कळलं. आता कोणी विचारलं तर मी म्हणतो, आपल्या देशाने काय दिलं याची यादी करा, आणि तेवढीच लांब यादी समोरच्याला काय खुपतं याची करा. 1950 चा मैत्री करार, 2020 मधला लिपुलेख-कालापानी या वादग्रस्त सीमाभागाचा नकाशा, गोरखा भरती आणि अग्निपथ : हे विषय चहाला येतातच. वाद जिंकायला नव्हे, पण अनभिज्ञ दिसू नये एवढं वाचून जा.

आमचा गट पाण्याचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण परिषदेचा खरा ऐवज मला याच खोलीत मिळाला.

कोशी नदीवरचं बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, नेपाळच्या जमिनीवर आहे, छप्पन्न दरवाजांचं. 1954 च्या करारानुसार ते भारताने बांधलं, चालवतोही भारतच. 18 ऑगस्ट 2008 ला बॅरेजच्या वरच्या अंगाला, नेपाळमधल्या कुसहा इथे नदीने तटबंध फोडला आणि पात्रच बदललं. त्या वेळी नदीला फार मोठा पूरही नव्हता. नेपाळात पन्नास हजारांच्या आसपास आणि बिहारात तीस लाखांच्या आसपास माणसांना फटका बसला. विराटनगरची ती मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिचं आजोळ कुसहाच्याच सुनसरी जिल्ह्यात. आजीने कोंबड्या वाचवल्या आणि शिवणयंत्र सोडलं, एवढं तिला आठवतं. माझ्या आजीनेही पानशेतच्या पुराचं सांगताना नेमकं हेच सांगितलं होतं : 12 जुलै 1961 ला काय उचललं आणि काय राहिलं. आमच्या घरात ती यादी अजून पाठ आहे.

मग आकडे निघाले. एकतानगरी बुडाली तेव्हा खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकच्या (सेकंदाला इतके घनफूट पाणी) आसपास विसर्ग होता. आम्हा पुणेकरांना तो प्रलय. तिने मोबाईलवर 2024 च्या सप्टेंबरातला कोशी बॅरेजचा आकडा दाखवला : 6 लाख 61 हजार क्युसेक. खोलीत शांतता. पण नंतर बोलताना कळलं की दोन्हीकडची तक्रार एकच आहे. किती सोडलं हे सगळे सांगतात, माझ्या दारात किती वाजता येणार हे कोणी सांगत नाही. बोलणं तिथून गंभीर झालं. तोपर्यंत आम्ही ‘सहकार्य’, ‘समन्वय’ वगैरे शब्दांनी फळा भरवत होतो.

शेवटच्या रात्री जाहीरनामा लिहायला बसलो. पहिला मसुदा अकरा पानांचा होता. काठमांडूच्या मुलाने तेव्हा एक गोष्ट काढली. दोन्ही सरकारांनी 2016 मध्ये चार-चार मान्यवरांचा एक गट नेमला होता, सगळे करार तपासायला. त्यांनी 2018 मध्ये अहवाल तयार केला, आणि तो अजून अधिकृतपणे स्वीकारलेलाच नाही. तो म्हणाला, ‘त्यांचं हे झालं, तर आपली अकरा पानं कोण वाचणार?’ आम्ही अकराची दोन केली. त्यातही शेवटचा मुद्दा एवढाच : पावसाळ्याआधी, आपल्या हातात आहे तेवढं एक काम. जाहीरनामा लिहिताना वहिवाट अशी असते की प्रत्येक गटाचं प्रत्येक वाक्य घ्यायचं, म्हणजे कोणी रुसत नाही. त्यात भाग घेऊ नका. रुसू द्या.

बाकीचं झटपट. सांस्कृतिक संध्याकाळ होतेच, एक गाणं बसवून ठेवा. सकाळच्या सत्राला पोटभर नाश्ता करून या. आमच्यातले सहा जण मे महिन्यात काठमांडूला गेले, तेव्हा एकाला विमानतळावर परत पाठवलं. त्याच्याकडे फक्त आधार होतं. विमानाने नेपाळला जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. रुपयाचा भाव ठरलेला आहे, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. पण शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर तिकडे बंधनं होती, नियम बदलत असतात, निघायच्या आठवड्यात ताजा नियम बघून घ्या.

आता ते एक काम. मावशीच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळच्या अछामचा, आणि मुक्काम पार्किंगमधल्या खोलीत, म्हणजे पाणी आलं तर सगळ्यात आधी त्याच्याकडे. मी त्याला सात वर्षं ओळखतो, गाव कोणतं हे मात्र परिषदेनंतर विचारलं. पुराची सूचना आपल्याकडे मराठीत येते, ‘धरणातून विसर्ग वाढवण्यात आला आहे’ अशी. विराटनगरच्या मुलीने फोनवरून आम्हाला तिचं नेपाळी करून दिलं आणि जूनमध्ये आम्ही सिंहगड रोडवरच्या चार सोसायट्यांसाठी पत्रकं छापली. वॉचमनकाकांना पहिलं दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पेन मागितलं. आम्ही हट्टाने ठेवलेला ‘विसर्ग’ त्यांनी खोडला आणि वर लिहिलं, ‘बाँधबाट पानी छोडियो’. मग विचारलं, हे लावणार कुठे? मी म्हणालो, नोटीस बोर्डावर. ते म्हणाले, ‘बोर्ड लिफ्टपाशी आहे, तिथे साहेब लोक उभे राहतात. इथे लावा, मीटरच्या पेटीशेजारी. आम्ही मोबाईल इथे चार्ज करतो.’