पाय काढल्यावर कृत्रिम पाय बसेपर्यंत घरी काय काय करायचं

ऑपरेशन झालं, डिस्चार्ज मिळाला की घरच्यांना वाटतं आता फक्त जखम भरायची आणि कृत्रिम पायाची वाट बघायची. पण पेशंट नीट चालणार की नाही हे बरंचसं ह्या मधल्या आठवड्यांत ठरतं, आणि नेमकं तेव्हाच घरी कुणी काही सांगायला नसतं. मी गुडघ्याखालून पाय काढलेल्यांबद्दल लिहितोय, आमच्या मामांचं डायबेटिसमुळे असंच झालं होतं.

सगळ्यात आधी उशी काढा. मायेनेच कुणीतरी स्टंपखाली (म्हणजे कापल्यावर उरलेल्या पायाखाली) उशी ठेवतं, पेशंटला बरंही वाटतं, पण त्यात गुडघा सतत वाकलेला राहतो, तिथेच आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्यावर कृत्रिम पाय नीट बसत नाही, मग तो सरळ करायला महिनोन्महिने फिजिओथेरपी. झोपताना गुडघा सरळ. व्हीलचेअरवर स्टंप लोंबकळत ठेवायचा नाही, सीटवर एक फळी पुढे काढून त्यावर सरळ ठेवायचा. दिवसातून दोन-तीनदा २० मिनिटं पालथं झोपवायचं म्हणजे खुब्याचा सांधाही मोकळा राहतो (हार्टचा किंवा दम लागायचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं, व्यायाम झाला की गुंडाळी काढून टाकायची, नाहीतर तीच उशी होते.

दुसरं बँडेज. डॉक्टर हो म्हणाले की क्रेप बँडेज, पण गोल गोल वेढे अजिबात नाही, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरपे, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. उलटं झालं तर रक्त अडतं आणि टोक फुगतं. दर चार-सहा तासांनी सोडून परत बांधायचं, मध्येच ठणका लागला किंवा बधिर झालं तर लगेच सोडायचं. हॉस्पिटलमधून निघायच्या आधी नर्सकडून किंवा फिजिओकडून हे स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या, नुसतं बघून येत नाही. सूज उतरून स्टंपला आकार आल्याशिवाय सॉकेटचं (कृत्रिम पायाचा जो वाटीसारखा भाग स्टंपवर बसतो त्याचं) माप घेण्यात अर्थ नसतो.

जखम पूर्ण भरली की स्टंपला हात लावायची सवय करा, आधी मऊ कापडाने, मग टॉवेलने चोळायचं, हलकं थापटायचं. पेशंटला बघवत नसेल तर घाई नको, पण स्टंप कायम झाकूनही ठेवू नका. रोज रात्री साध्या साबणाने धुवून कोरडा करायचा. स्पिरिट नको, रेझर नको. खालून आरशात बघायचं, लाली, फोड, पाणी काही दिसतंय का. डायबेटिस असेल तर दुसरा पायही रोज असाच तपासा, आता सगळा भार त्याच्यावर आहे.

नसलेल्या पायाची बोटं दुखतात, खाजतात, पिळवटल्यासारखी होतात. हे खरं दुखणं आहे, डोक्यात काही बिघडलेलं नाही, पेशंट लाजेने सांगत नाही म्हणून तुम्ही विचारा. त्याला औषधं आहेत, डॉक्टरांकडून घ्या. एक बिनखर्चाचा उपायही आहे, दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा आणि चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत तो हळूहळू हलवायचा, मेंदूचे अभ्यासक डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली, सगळ्यांना गुण येतो असं नाही पण करून बघा. आणि रात्री लाइट चालू ठेवा, वॉकर हाताशी ठेवा, कारण अर्धवट झोपेत पाय आहे असं समजून माणूस उतरतो आणि स्टंपवर पडतो.

कागदपत्रं ह्याच काळात करून टाका. यूडीआयडी कार्डचा (सरकारी दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन होतो, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलं की एसटीची सवलत मिळते.

पाय कुठून घ्यायचा? जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ मध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि हाडांचे डॉक्टर पी. के. सेठी यांनी बनवला तोच आपल्या राहणीमुळे, मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं म्हणून. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो १९७५ पासून मोफत देते. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे ट्रेनिंगही मिळतं. नुसता पाय घेऊन येऊ नका, चालायचं ट्रेनिंग घेऊनच या.

पहिल्या दिवशी पाय १५-२० मिनिटंच घालायचा, काढून बघायचं, लाली थोड्या वेळात गेली तर ठीक, राहिली तर परत घालायच्या आधी सेंटरला दाखवा. पुढे स्टंप बारीक होत जातो, पाय सैल वाटतो, तेव्हा स्टंपवर घालायच्या मोज्यांची संख्या वाढवायची, आणि दोन-तीन मोजे घालूनही आत खेळत असेल तर सॉकेट बदलायची वेळ आली.