घटस्फोट नोंदवताना लग्न पुसू नका

वंशावळीसाठी मी ग्रॅम्प्स हे सॉफ्टवेअर वापरतो. आत्याचा घटस्फोट नोंदवायचा म्हणून मी तिचं पहिल्या लग्नाचं 'कुटुंब', म्हणजे नवरा-बायको-मुलांना जोडणारी नोंदच, डिलीट केलं, आणि आतेबहीण बिनआईबापाची होऊन एका कोपऱ्यात सुटी पडली. तिचे वडील माझ्या हातून पुसले गेले, हे बघून फार वाईट वाटलं.

बॅकअप होता म्हणून बरं. मग कुटुंब तसंच ठेवलं, नात्याचा प्रकारही 'विवाहित'च, आणि त्यातच 'घटस्फोट' ही वेगळी घटना तारखेसह जोडली. लग्न झालं होतं हे खरंच आहे, ते का खोडायचं? आत्याच्या दुसऱ्या लग्नासाठी वेगळं कुटुंब उघडलं. त्या लग्नातला मुलगा तिथे जोडला.

लग्न न करता जोडीदारासोबत राहणाऱ्या मामेभावाचं काम सोपं निघालं. प्रकार 'अविवाहित' निवडला, विवाहाची घटना जोडलीच नाही. मुलगी दोघांचीही राहिली.

एक मात्र तपासा. वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची जी जेडकॉम फाइल असते, ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की कुटुंबाच्या नोंदीत लग्नासाठी 'एमएआरआर' (MARR) आणि घटस्फोटासाठी 'डीआयव्ही' (DIV) असे टॅग दिसतात. आत्याच्या पहिल्या कुटुंबात आता दोन्ही आहेत.